जुनी पिकअप, दुसरं इंजिन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी जुन्या पिकअपबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी एकच विचारलंय : इंजिन बदलू का? त्यामुळे पहिलं उत्तर लांब झालं आहे, ते सगळ्यांनीच वाचावं.

प्रश्न : माझी जुनी टाटामोबाइल 207 आहे, 483 इंजिनाची. धूर काढते, ऑइल पिते, अन् कापसाचे गाठोडे भरले की चढावर पहिल्या गिअरवर येते. गावातले मिस्त्री म्हणतात, 407 चं इंजिन टाका भाऊ, जन्माची कटकट मिटेल. टाकू का?
– आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : घाई करू नका. 407 या छोट्या ट्रकचं इंजिन म्हणजे 497. दोन्ही इंजिनांचं माप नावातच आहे. 483 म्हणजे चार सिलिंडर, 83 मिमी बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. 90 मिमी स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, धरून 1948 सीसी. 497 म्हणजे चार सिलिंडर, 97 मिमी बोअर. 100 मिमी स्ट्रोक धरून 2956 सीसी. हजार सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त, हे खरंच. पण 497 वजनाने जड आहे, कमी फेऱ्यांवर चालणारं आहे, आणि तुमच्या आरसी बुकात 1948 सीसी लिहिलंय.

कागदापासून सुरुवात करा, कारण इथे अडलं तर पुढचा खर्च वाया जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीतला तपशील आणि कंपनीने दिलेली मूळ रचना यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच कडकपणे सांगितलं. त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन बदलून टाकणं वेगळं. त्याला आरटीओची मंजुरी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवता येतो, आणि बदल केल्यापासून 14 दिवसांत तो कळवावा लागतो. विनापरवाना बदलाला कलम 182 अ खाली प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. तिथे इंजिन नंबर जुळला नाही तर गाडी उभी राहील. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच नंबर पाहते. म्हणून 497 चा विचार असेल तर यवतमाळच्या आरटीओकडून लेखी उत्तर आधी घ्या, इंजिनाचा बयाणा नंतर द्या. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सवाल्याचीही लेखी संमती लागेल.

आता मिस्त्री सहसा सांगत नाहीत ती गोष्ट : मागच्या एक्सलचं प्रमाण. ते घरीच मोजता येतं. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवा, मागच्या टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा दांडा) खडूची खूण करा. टायरची बरोबर एक फेरी होईपर्यंत गाडी ढकला आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. पाचाला थोड्या कमी भरल्या तर प्रमाण 4.88 च्या आसपास. मग वेग काढा : इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या गुणिले टायरचा घेर (मीटर) गुणिले 60, भागिले एक्सलचं प्रमाण, भागिले 1000. घेर 2.15 मीटर, प्रमाण 4.88 आणि टॉप गिअर 1:1 धरला तर 4000 फेऱ्यांना वेग येतो ताशी 106 किमी. वेगाने फिरणारं 483 तिथवर पोचतं. 497 ला 2800 फेऱ्यांवर आरामात चालवायचं म्हटलं तर त्याच एक्सलवर ताशी 74 च मिळतात. त्यापुढे इंजिन ओरडत राहतं, डिझेल पितं, आणि मालकाला वाटतं इंजिनच खराब मिळालं. 3.73 चा एक्सल असता तर त्याच 2800 फेऱ्यांना 97 मिळाले असते. म्हणजे इंजिनाबरोबर गिअरबॉक्स आणि एक्सलही बदलावा लागतो. जुना गिअरबॉक्स तसाच ठेवला तर वाढलेल्या टॉर्कने आधी क्लच आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचे दात जातात.

आणि मुळात तुमचं 483 संपलंय का, हे तपासलं का? एअर फिल्टर चोंदलेला, डिझेल पंपाचं टायमिंग मागे गेलेलं, इंजेक्टर टपकणारे, नाहीतर ब्रेक चिकटलेले असले तरी गाडी चढावर अशीच बसते. पाच किमी चालवून चारही चाकांच्या ब्रेकजवळ हात न्या. एखादा बाकीच्यांपेक्षा फार तापलेला असेल तर तो ब्रेक धरतोय. मग इंजिन गरम असताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. किमान आकडा इंजिनाच्या पुस्तिकेतला धरा. चार सिलिंडरांत 10–15 टक्क्यांहून जास्त तफावत नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग-बोअर गेले. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. त्याहून जास्त ऑइल टाकू नका. डिझेल इंजिनात वरची जागा फार थोडी असते, ऑइल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

आमचं मत स्पष्ट आहे : बोअर, पिस्टन, रिंग, बेअरिंग, हेडचं काम आणि इंजेक्टर-पंप कॅलिब्रेशन करून हेच 483 उभं करा, नाहीतर कागद असलेलं दुसरं 483 आणा. टाटा सुमोतही हेच इंजिन असल्यामुळे त्याचे पार्ट्स सगळीकडे माहितीचे आहेत. 497 ची ताकदच हवी असेल तर कागदासकट अख्खी 207 डीआय घेणं जास्त शहाणपणाचं.

प्रश्न : 207 डीआयचा ब्लॉक फुटला. नागपूरला जुन्या मालात 407 चं 497 इंजिन पाहून ठेवलंय. घेताना काय पाहू? बसवताना काय चुकतं?
– हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : तुमचा बदल 497 च्या जागी 497 असा आहे, त्यामुळे रस्ता बराच मोकळा आहे. तरी मंजुरी घ्याच, आणि दोन्हीचा प्रदूषण टप्पा (बीएस) एकच आहे ना ते पाहा. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. तिथे ग्राइंडर फिरल्याची चकाकी किंवा वेल्डिंग दिसलं तर मागे फिरा. नंबर घेऊन ‘वाहन समन्वय’वर चोरीची नोंद आहे का तपासा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ही सेवा आहे. पक्कं बिल घ्या आणि त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या.

इंजिन चालू करून दाखवत असतील तर ऑइल भरायचं टोपण काढून तोंडावर उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल तर रिंगमधून गॅस खाली येतोय. डिपस्टिकवर दुधाळ रंग म्हणजे ऑइलमध्ये पाणी. इंजिन बंद करून पुढची पुली हाताने आत-बाहेर ढकला. खटखट जाणवली तर थ्रस्ट वॉशर गेलेत, आणि ते जाऊनही इंजिन बरेच दिवस चालवलं असेल तर ब्लॉकची बैठकही खाल्लेली असते. असं इंजिन स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. गरम इंजिनावर ऑइलचा दाब आयडलला 1 किलोच्या खाली जाऊ नये.

नवं आणि जुनं इंजिन शेजारी ठेवा आणि टेप घेऊन मोजा : संपचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, खोलगट भाग पुढे की मागे, माउंटिंगची भोकं, फ्लायव्हीलचा व्यास आणि दात, फ्लायव्हील हाउसिंग, फॅनची उंची, डिझेल पंपाचा लिव्हर कुठल्या बाजूला. फरक दिसेल तिथे तुमच्या गाडीचा जुना पार्ट नव्या ब्लॉकवर चढवा. संप बदलला तर ऑइल पंपाची जाळीची नळीही त्याच संपबरोबरची लावा. नाहीतर जाळी तळापासून उंच राहते आणि चढावर, नेमकं भार असताना, ऑइलचा दाब पडतो.

क्लचचा नियम लक्षात ठेवा : प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या मापाची, क्लच प्लेटचे आतले दात गिअरबॉक्सच्या शाफ्टचे. पायलट बेअरिंग नवंच टाका. हाउसिंग बदललं असेल तर फ्लायव्हीलला डायल गेज लावून हाउसिंगच्या भोकाची मध्यता तपासा. एकूण फरक 0.2 मिमीच्या आत हवा. हे कोणी करत नाही, आणि मग सहा महिन्यांत क्लच प्लेटची हब फाटते किंवा गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग आवाज करतं. दोष दिला जातो क्लच प्लेटच्या कंपनीला.

माउंटिंगचे ब्रॅकेट नवे करावे लागले तर 8 मिमी प्लेट, आणि बोल्ट 8.8 किंवा 10.9 ग्रेडचे. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग कधीही नको. तिथूनच चीर सुरू होते. ब्रॅकेट चेसिसच्या उभ्या बाजूला बोल्टने धरा. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडा.

ब्रेकचं विसरू नका. डिझेल इंजिनाला मॅनिफोल्डमध्ये पुरेसा व्हॅक्यूम नसतो, म्हणून ब्रेकच्या बूस्टरसाठी डायनामोमागे व्हॅक्यूम पंप असतो. नव्या इंजिनावर तो नसेल, किंवा त्याची ऑइलची नळी जोडायची राहिली, तर पेडल दगडासारखं लागेल. तपासणी सोपी : इंजिन बंद करून पेडल पाच वेळा दाबा, पाय दाबून ठेवा, इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर गाडी अंगणाबाहेर काढू नका.

आणि एक विनंती. इंजिन कडुलिंबाच्या फांदीला चेन कप्पी बांधून उचलू नका. फांदी न सांगता तुटते. जाड पाइपची तिकाटी किंवा गर्डरची घोडी करा, एक टनाची कप्पी लावा, आणि लोंबत्या इंजिनाखाली कुणालाही हात घालू देऊ नका.

प्रश्न : इंजिन बदलल्यापासून मे महिन्यात काटा लालमध्ये जातो. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला तरी फरक नाही. पाणी बोअरवेलचं टाकतो.
– दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : तुमच्या पत्रातच दोन कारणं आहेत.

पहिलं पाणी. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. तिथलं खारं पाणी पिकाला सोसत नाही, तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांना कसं सोसेल? क्षार नळ्यांच्या आत बसतो, वॉटर पंपाचं सील खातो, हेड गंजवतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट समसमान मिसळून टाका. फार तर एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणी. त्याआधी आतला क्षार काढा. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम लिंबूसत मिसळून अर्धा तास गरम इंजिनावर फिरवा, आणि साधं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला हा उपाय करू नका. तो उतरवून रेडिएटरवाल्याकडे द्या. धुतल्यावर इंजिन गरम करून लेझर थर्मामीटर रेडिएटरच्या जाळीवर फिरवा. एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या अजून बंद आहेत, टाकी उघडूनच साफ कराव्या लागतील.

दुसरं थर्मोस्टॅट. तो गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि बऱ्याच इंजिनांत त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच घुमत राहतं. वर डिसेंबरच्या पहाटे इंजिन तापतच नाही, बोअर झिजतो, डिझेल जास्त जातं. नवा आणा. बसवण्याआधी पातेल्यात पाण्यासोबत गरम करून पाहा : त्यावर 82 लिहिलं असेल तर तेवढ्या अंशाला उघडायला लागला पाहिजे.

मोठं इंजिन आलं आणि रेडिएटर जुनाच राहिला, हे तिसरं कारण असू शकतं. त्याहूनही जास्त वेळा फॅन आणि रेडिएटरची जाळी यांचं अंतर चुकलेलं असतं. फॅनभोवतीचा पत्र्याचा किंवा फायबरचा घेर, म्हणजे शराउड, नव्या इंजिनावर बसत नाही म्हणून काढून ठेवला जातो. मग फॅन जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच फिरवतो. घेर बनवून घ्या. पात्याची अर्धी रुंदी घेराच्या आत, अर्धी बाहेर. पात्याच्या टोकाला चहूबाजूंनी 15–20 मिमी मोकळीक, कारण इंजिन रबरावर हलतं.

रेडिएटरचं टोपण 0.9 बारचं असेल तर पाणी सुमारे 118 अंशांना उकळतं. त्याचं रबर फाटलं की 100 लाच. टोपण स्वस्त आहे, आधी तेच बदला. हंगामात कापसाचे तंतू आणि कुटार जाळीत अडकतात. इंजिनच्या बाजूने बाहेर असं साध्या पाइपने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पाती वाकतात आणि हवा कायमची अडते.

प्रश्न : इंजिन-गिअरबॉक्स बदलला. ताशी 50–55 ला अख्खी गाडी थरथरते.
– अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये तेवढ्याच फेऱ्यांवर इंजिन न्या. थरथर आली तर माउंटिंग, फ्लायव्हील किंवा क्लच. आली नाही तर प्रोपेलर शाफ्ट.

शाफ्ट कापून लांबी जुळवली असेल तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का पाहा. लेथवर उलटसुलट वेल्ड होतात. मग कोन मोजा. मोबाइलमधलं कोनाचं अॅप चालतं. गिअरबॉक्सचा मागचा फ्लँज आणि एक्सलचा पिनियन फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, फरक एक अंशाच्या आत. प्रत्येक क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा, कोन एक ते तीन अंश. अगदी शून्यही नको, कारण क्रॉसच्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खाच पडते. मोजताना डाल्यात (मागच्या सामानाच्या भागात) रोजचा भार ठेवा, कारण रिकाम्या गाडीचा मागचा कोन वेगळा असतो. फरक निघाला तर पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचराची प्लेट घालून पिनियन फिरवा. कोन बरोबर निघाले तर शाफ्ट उतरवून बॅलन्सिंगला पाठवा. सरकत्या योकला आत जायला किमान 25 मिमी जागा राहू द्या, नाहीतर खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सवर ठोसा मारेल.

प्रश्न : इंजिन टाकल्यापासून स्टार्टर मारला की अॅक्सिलरेटरच्या केबलमधून धूर निघतो. वायरमन म्हणतो वायरिंग नवीन करा.
– साकोली, जि. भंडारा

उत्तर : वायरिंगला हात लावू नका. इंजिन उतरवताना इंजिन ते चेसिस अशी जाड अर्थिंगची पट्टी सोडली जाते आणि परत लावायची राहते. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे स्टार्टरच्या शेकडो अँपिअरना परत जायला एकच वाट उरते : तुमची केबल. ती आतून वितळून अडकली तर इंजिन फुल रेसवर राहील, म्हणून केबल बदलाच. नवी जाड पट्टी लावा, दोन्ही टोकांचा रंग खरवडून. मग मीटरची एक टोकणी ब्लॉकला, दुसरी बॅटरीच्या वजा टोकाला लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड अजून कच्चा आहे.

प्रश्न : साध्या 497 ला बाहेरून टर्बो लावून मिळतो म्हणतात. लावू?
– वणी, जि. यवतमाळ

उत्तर : नको. टर्बो इंजिनाचे पिस्टन, त्यांना खालून थंड करणारी ऑइलची धार, पंपाची सेटिंग, इंटरकूलर हे सगळं मिळून ते इंजिन बनतं. नुसता टर्बो बांधून पंपाचं डिझेल वाढवलं की काळा धूर निघतो, एक्झॉस्ट तापतो आणि पिस्टनचा माथा वितळतो. कायद्यानेही हा विनापरवाना बदलच.

प्रश्न : खत वाहून डाला आणि मागची चेसिस सडली. इंजिनाचं काम आधी करू की पत्र्याचं?
– दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : चेसिसचं. सडलेल्या चेसिसवर ताजं इंजिन चढवलं की जोर वाढतो आणि चीर केबिनच्या मागे उघडते. डाला उतरवा; बोल्ट गंजलेले असतील तर कापा, नवे टाका. अर्ध्या किलोच्या हातोड्याने चेसिस इंचाइंचाने ठोका. खणखणीत आवाज म्हणजे लोखंड शाबूत. बद्द आवाज आला तिथे पेचकस दाबा. आत गेला तर तो भाग बदलावाच लागेल. पाट्याच्या हँगरजवळ, क्रॉस मेंबरच्या जोडात आणि जिथे कधीकाळी जास्तीचा पाटा चढवला होता तिथे जास्त लक्ष द्या.

खतात सगळ्यात वाईट पोटॅश. ते पोटॅशियम क्लोराइड आहे, म्हणजे एक मीठच. पोत्यातून सांडलेले खडे पत्र्याच्या जोडात जातात, हवेतला ओलावा ओढतात आणि पावसाळाभर लोखंड खातात. म्हणून घासण्याआधी साध्या पाण्याने दोनतीनदा धुवून पूर्ण सुकवा. मीठ आत राहिलं तर वरचा रंग कितीही भारी असो, वर्षात फुगतो. मग सँडब्लास्टिंग, ते जमत नसेल तर तारेचा ब्रश लावलेला ग्राइंडर, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. रात्रभर उघडं ठेवलं तर दवाने पुन्हा गंज धरतो.

साडेआठ बाय साडेपाच फुटांचा डाला आणि दीड फुटाच्या फळ्या धरल्या तर आतून-बाहेरून मिळून साधारण 16 चौरस मीटर होतात. दोन हात म्हणजे 32. लिटरला 8 चौरस मीटर धरून प्रायमर चार लिटर लागेल, चेसिसचा एक लिटर वेगळा. चेसिसच्या पोकळ भागात बाहेरून ब्रश पोचत नाही. तिथे लांब नळीच्या फवारणीने कॅव्हिटी वॅक्स मारा. पाणी निघायची मूळची भोकं मात्र बुजवू नका. डाल्याच्या तळाला चारही कोपऱ्यांत 12 मिमीचं भोक ठेवा, आणि खताची खेप उतरली की त्याच संध्याकाळी डाला धुवा.